ताग आत, काच बाहेर

गणपतीच्या दोन-तीन महिने आधी पीओपीच्या मूर्तीचं काम जवळून बघितलंय का कधी? साच्यात आधी पीओपीचा पातळ थर ओततात, तो सगळीकडे फिरवून घेतात, आणि मग नारळाचा काथ्या पीओपीच्या पाण्यात बुडवून, हाताने पिंजून, आतल्या बाजूने चिकटवत जातात. सोंडेच्या मुळाशी जास्त, हाताच्या सांध्यात जास्त, पाटाच्या कडेला जास्त, म्हणजे जिथे मोडायची भीती तिथे काथ्या. नुसतं पीओपी खडूसारखं असतं, वाकवलं की टचकन तुटतं. काथ्या असला की तडा गेला तरी तुकडा लोंबकळत राहतो, पडत नाही. त्या कारागिरांना कुणी कंपोझिट मटेरियल शिकवलेलं नसतं पण ते जे करतात ना ते अगदी तेच असतं, एक पदार्थ आकार धरतो आणि दुसरा, म्हणजे तंतू, ताण धरतो.

मी पुण्याजवळ भोसरीत फायबरच्या कामात बरीच वर्षं आहे. आपण सगळे ज्याला फायबर म्हणतो, फायबरचा दरवाजा, फायबरची टाकी, फायबरची मूर्ती, त्यात खरं तर फायबर म्हणजे फक्त आतले काचेचे धागे, बाकीचं रेझिन, म्हणजे पातळ असताना ओतायचं आणि मग कडक होणारं प्लॅस्टिक. साच्याला मेण लावायचं, जेलकोट, म्हणजे रेझिनचाच बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, मारायचा, मग काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ब्रशने पाजायचं, रोलर फिरवून हवा काढायची, परत मॅट. हे हॅन्ड ले-अप, आणि आमच्याकडचं अर्ध्याहून जास्त काम आजही असंच चालतं. आता माझा भाचा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्यांच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतलाय ताग आणि ग्लास फायबरच्या हायब्रिडचा, म्हणजे दोन्ही धागे एकाच रेझिनमध्ये. तो घरी आला आणि पहिलाच प्रश्न, "मामा, ताग काचेपेक्षा कमजोर आहे ना, मग काचेत ताग मिसळून काय मिळणार, फक्त स्वस्त आणि कमजोर?" प्रश्न चांगला आहे. त्याला जे दोन-तीन संध्याकाळ समजावलं तेच इथे लिहितोय कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

आधी ताकद म्हणजे काय ते बघू. पुस्तकात मेगापास्कल लिहिलेलं असतं, ते डोळ्यासमोर येत नाही. सोपं करून घ्या, १ मेगापास्कल म्हणजे १ चौरस मिलिमीटर जागेवर साधारण १०० ग्रॅम वजन. म्हणजे १ चौरस मिलिमीटरचं धाग्यांचं जुडगं घेतलं आणि त्याला वजन लटकवत गेलो तर काथ्या १३ ते २२ किलोला तुटेल. ताग ४० ते ८० किलोला. घायपाताचा वाख, ज्याला सिसल म्हणतात, तोही ४० ते ७० च्या आसपास. आणि काच, म्हणजे नेहमीचं ई-ग्लास, २०० ते ३५० किलो. बघा, ताग साध्या लोखंडी सळीच्या बरोबरीला येतो, हे ऐकून भाच्याला पण आश्चर्य वाटलं, पण काचेसमोर तो खरंच तोकडा आहे.

पण या आकड्यांमध्ये दोन गोष्टी लपल्यात. एक म्हणजे तागाचा आकडा ४० ते ८० एवढा सैल का? कारण ते झाड आहे. बुंध्याकडचा धागा वेगळा, शेंड्याकडचा वेगळा, कुठल्या जमिनीत वाढलं, कधी कापलं, पाण्यात किती दिवस कुजवलं, सगळ्याचा फरक पडतो. गावाकडे ज्यांनी अंबाडी कुजवून वाख काढलाय त्यांना हे सांगायला नको, दोन दिवस जास्त राहिली की वाख हातात तुटायला लागतो. दुसरी गोष्ट वजन. काचेची घनता पाण्याच्या २.५ पटीच्या पुढे आणि तागाची १.३ ते १.५ पट, म्हणजे काचेच्या जवळपास निम्मी. आणि बऱ्याच वस्तूंमध्ये आपल्याला तुटायची काळजी नसतेच मुळी, वाकायची, लपलपायची असते. तो गुण वेगळा, त्याला स्टिफनेस म्हणतात, मी ताठपणा म्हणतो. वजनाच्या हिशोबात ताठपणा बघितला तर ताग काचेच्या बराच जवळ येतो, आणि फ्लॅक्स, म्हणजे आपल्या जवसाच्याच झाडाचा धागा, चांगल्या प्रतीचा असेल तर काचेला मागे टाकतो. आपण जवसाची चटणी खातो आणि तिकडे युरोपात त्याच झाडाच्या धाग्यापासून गाड्यांचे पार्ट होतात. २०१९ मध्ये पोर्शने ७१८ केमन जीटी४ क्लबस्पोर्ट ही रेसची गाडी काढली, तिचे दरवाजे आणि मागचा विंग नैसर्गिक धाग्यांच्या कंपोझिटचे होते.

आता मिसळण्याची गोष्ट. ओढून बघणं आणि वाकवून बघणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि हायब्रिडमध्ये दोन्हीचं उत्तर वेगळं येतं, इथेच बहुतेक लोकांचा घोळ होतो.

ओढण्याचं बघू. एका पट्टीत ताग आणि काच शेजारी शेजारी रेझिनमध्ये घट्ट बसलेत. पट्टी ओढली की दोघांना सारखंच लांब व्हावं लागतं, एका जुवाला बांधलेल्या बैलांसारखं, दोघांना बरोबरच पुढे जायचंय. पण ओझं सारखं येत नाही, जो जास्त ताठ त्याच्यावर जास्त ओझं. काच तागापेक्षा तीन-चार पट ताठ, त्यामुळे भाराचा मोठा वाटा तिच्याकडेच. पण तुटायची वेळ येते तेव्हा आधी जातो ताग, कारण १०० सेंटिमीटरचा तागाचा धागा दीडेक सेंटिमीटर लांबला की त्याचं संपतं, काच ३ सेंटिमीटर किंवा जास्त लांबू शकते. (काथ्या तर १५ ते ४० पर्यंत लांबतो, म्हणून तर तो मूर्तीचा तुकडा लोंबकळत धरून ठेवतो.) ताग तुटला की त्याचा भार काचेवर येतो. काच पुरेशी असेल तर ती झेलते आणि पट्टी अजून चालते. काच अगदी नावाला असेल तर भार एकदम अंगावर येऊन तीही तुटते, आणि मग लोक म्हणतात हायब्रिडचा उपयोग झाला नाही. म्हणजे चिमूटभर काच टाकून भागत नाही.

यात एक छान गोष्ट आहे. १९७२ मध्ये हायाशी नावाच्या जपानी संशोधकाने कार्बन आणि काच एकत्र करून ओढून बघितलं. कार्बनचा धागा काचेपेक्षा कमी लांबतो, तो आधी तुटणार हे माहीत होतं, पण काचेच्या संगतीत तो एकटा असताना जेवढा लांबतो त्याच्यापेक्षा बराच जास्त लांबूनच तुटला. याला हायब्रिड इफेक्ट म्हणतात. कारण असं की एक धागा तुटला की त्याचा धक्का शेजाऱ्याला बसतो, शेजारी पण तसाच ठिसूळ असेल तर तोही जातो, मग त्याच्या शेजारचा, अशी रांगच लागते. पण मध्ये मध्ये लवचिक धागे असतील तर ती रांग तिथेच थांबते. ताग-काचेतही हेच तत्त्व लागू पडतं, फक्त धागे एकमेकांत नीट मिसळलेले पाहिजेत, एका बाजूला सगळा ताग आणि दुसऱ्या बाजूला सगळी काच असेल तर शेजारपणाचा फायदा कसा मिळणार.

आता वाकवण्याचं. हे मला सगळ्यात जास्त आवडतं कारण इथे नुसती जागा बदलून फरक पडतो, माल तोच. एखादी फळी दोन विटांवर ठेवून मधे उभे राहा. फळीची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते, आणि अगदी मधल्या रेषेत काहीच होत नाही. म्हणजे कष्ट सगळे कातडीला, पोटाला आराम. आता समजा चार सारख्या जाडीचे थर आहेत. गणिताने बाहेरचे दोन थर वाकण्याच्या ताठपणाचा ८७.५ टक्के भार उचलतात आणि आतले दोन मिळून फक्त १२.५ टक्के. कारण जाडीचा घन घ्यायचा असतो, चारही थरांची जाडी चार, चारचा घन ६४, आतल्या दोन थरांची दोन, दोनचा घन ८, म्हणजे ६४ पैकी आत फक्त ८ आणि बाहेर उरले ५६.

भाच्याला मी कागदावर मांडून दाखवलं. धरून चाल की काचेच्या थराचा ताठपणा १५ आहे आणि तागाच्या थराचा ६. चारही थर काचेचे केले तर १५. दोन काच दोन ताग घेतले आणि काच आत घातली, ताग बाहेर, तर येतात ७.१. तेवढाच माल, तेवढंच वजन, तेवढाच खर्च, फक्त काच बाहेर आणि ताग आत, तर येतात १३.९. "म्हणजे अर्धी काच वाचली आणि ताठपणा जवळपास तसाच?" हो, तसाच. ओढून बघितलं असतं तर दोन्ही पट्ट्यांना १०.५ च आले असते, फरक कळलाच नसता. म्हणून कुणी सांगितलं की आम्ही ५० टक्के ताग वापरलाय तर मी पहिलं विचारतो, कुठे वापरलाय? प्रमाणाआधी जागा विचारायची.

कागदावर हे सुंदर दिसतं पण वर्कशॉपमध्ये ताग हातात घेतला की वेगळी कहाणी सुरू होते. पहिली गोष्ट, ताग रेझिन पितो. काचेची मॅट ब्रश मारला की पारदर्शक होते, कळतं की भिजली, तागाचं कापड जाड, पोकळ, भुसभुशीत, ओतत राहा आणि ते पीत राहतं. त्यामुळे काच वाचवून जे वजन आणि पैसे वाचले असं वाटतं त्यातले थोडे रेझिनमध्ये परत जातात, हा हिशोब प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सहसा नसतो. दुसरी गोष्ट, भाच्याच्या ग्रुपमधली पोरं रविवार पेठेतून गोणपाट घेऊन आली, मी नाकाशी धरायला सांगितलं. तो जो ओळखीचा घासलेटसारखा वास असतो ना गोणपाटाला, तो तेलाचा. मिलमध्ये ताग कातताना मऊ पडावा म्हणून तेल आणि पाण्याचं मिश्रण मारतात. त्या तेलावर रेझिन चिकटणार कसं? भिंतीला तेलाचा हात पुसून वर रंग मारल्यासारखं होतं ते.

आणि तेल काढलं तरी तागाचा मूळ स्वभाव राहतोच. ताग म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, त्याला पाण्याची ओढ, आणि पॉलिएस्टर रेझिनचं पाण्याशी पटत नाही. मग या दोघांची सोयरीक जुळवायला कापड ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काही तास भिजवतात, मग धुऊन, पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने उरलेल्या कॉस्टिकचा जोर मारून, परत धुऊन खडखडीत वाळवतात. त्याने वरचं मेण, पेक्टिन, इतर चिकट भाग निघून जातो, धागा खरखरीत होतो आणि रेझिनला धरायला जागा मिळते. जास्त वेळ ठेवला किंवा कॉस्टिक कडक केलं तर मात्र सेल्युलोजच खाल्लं जातं. काचेच्या धाग्यावर तर कारखान्यातूनच सिलेन नावाच्या रसायनाचा लेप देऊन येतो जेणेकरून रेझिन पकडेल, म्हणून आपल्याला काचेच्या बाबतीत हा त्रास जाणवत नाही. हा जो धागा आणि रेझिन भेटतात तो पृष्ठभाग, ताकद खरी तिथे ठरते. धागा कितीही मजबूत असू दे, रेझिनमधून मोज्यासारखा निसटून आला तर काय उपयोग.

आपटण्याची परीक्षा थोडक्यात सांगतो. नुसतं काचेचं फायबर आपटून फुटलं की धारदार चिरफळ्या निघतात. नैसर्गिक धाग्यांचं फुटलं की कडा बोथट असते, म्हणून गाडीच्या दरवाज्याच्या आतल्या पॅनलला ते बरं. गाडीत असे धागे वापरणं काही नवीन नाही, पूर्व जर्मनीची ट्राबांट गाडी १९५७ पासून १९९१ पर्यंत बनत होती आणि तिची बाहेरची बॉडी फिनॉल रेझिन आणि कापसाची, पत्रा मिळत नव्हता म्हणून.

आता येऊ मुख्य मुद्द्यावर, पावसाळा.

पुण्यात जुन्या वाड्यात राहिलेल्यांना माहितीये, जुलैत लाकडी दरवाजा फुगून अडकतो, लाथ मारून उघडावा लागतो, आणि एप्रिलमध्ये त्याच दरवाज्याच्या फटीतून बोट जाईल एवढा आटतो. ताग तसाच आहे. साध्या हवेत नुसता ठेवला तरी स्वतःच्या वजनाच्या १२-१३ टक्के पाणी धरून बसतो, काच शून्य. आता हा ताग रेझिनमध्ये कोंडलाय. पाणी मुरलं की तो फुगतो, रेझिन फुगत नाही, मग रेझिनला आतून बारीक तडे जातात. उन्हाळ्यात ताग आटतो, रेझिनपासून सुटतो, तिथे केसाएवढी फट पडते. पुढच्या पावसात त्या फटीतून पाणी अजून सोपं आत जातं. पुण्याची हवा या बाबतीत फार कडक परीक्षा घेते, कारण इथे चार महिने ओल आणि मार्च-एप्रिल-मे मध्ये कोरडं ठक्क, कोकणात निदान वर्षभर दमटच असतं. म्हणून मशीनवर पहिल्या दिवशी काढलेल्या ताकदीवर माझा फार जीव नाही, मला चौथ्या पावसाळ्यानंतरचा आकडा हवा असतो.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. एका सोसायटीसाठी आम्ही मोठ्या कुंड्या केल्या होत्या, आत तागाचे दोन थर, दोन्हीकडून काच आणि वर जेलकोट, दिसायला झकास. बसवायला गेलेल्या माणसांनी जागेवर ड्रिलने भोकं पाडली, पाणी निघायला खाली दोन आणि बोल्टसाठी बाजूला चार, आणि भोकं तशीच उघडी ठेवली. दोन पावसाळे झाले आणि फोन आला. जाऊन बघितलं तर प्रत्येक भोकाभोवती काळपट वर्तुळ, हाताने दाबलं तर आत पोकळ लागतंय, एका ठिकाणी काचेची कातडी पापडासारखी सुटून आली आणि आतला ताग काळा, बुरशीचा वास मारणारा, बोटांनी चुरडला की माती. भोकापासून वीतभर लांब मात्र सगळं ठणठणीत. कारण तागाचा प्रत्येक धागा आतून पोकळ असतो, अगदी बारीक नळी. पृष्ठभागावरून पाणी हळूहळू मुरतं पण कापलेल्या टोकातून ते स्ट्रॉसारखं आत ओढलं जातं. चूक आमचीच होती, भोकं साच्यातच करून त्यांच्या कडा रेझिनने बंद करून द्यायला हव्या होत्या, किंवा भोकाच्या जागी ताग न घालता पूर्ण काच भरायला हवी होती. तेव्हापासून ताग असलेला कुठलाही पार्ट आम्ही कडेला एक इंच सोडून घालतो, म्हणजे कड पूर्ण काचेची.

यावरून काच बाहेर ठेवण्याचं दुसरं कारण लक्षात येईल. वाकण्यात ती भार घेते तीच पाण्यासमोर भिंतही होते. पाणी मुरण्याचा वेग सुरुवातीला वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे चालतो, म्हणजे ४ दिवसांत जेवढं मुरलं त्याच्या दुप्पट मुरायला ८ नाही, १६ दिवस लागतात. आणि वस्तूची जाडी दुप्पट केली तर ती पूर्ण भिजायला चौपट वेळ. म्हणून बाहेर काचेचा धड थर आणि त्यावर नीट जेलकोट असला तर आतल्या तागापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाऊस संपून वाळायला सुरुवात होते. थांबत नाही, उशीर होतो, पण बाहेरच्या वस्तूसाठी तो उशीरच तर आयुष्य असतं. काचही अमर नाही बरं का, सतत भार आणि सतत पाणी असं दोन्ही एकत्र असेल तर काचेच्या धाग्यावरचे बारीक ओरखडे हळूहळू वाढत जातात आणि तीही कमजोर होते, फक्त तिला तागासारखी बुरशी लागत नाही आणि ती फुगत नाही.

उन्हाने रेझिन पिवळं आणि खडूसारखं होतं, त्यात तागापेक्षा जेलकोटचा दोष जास्त. उष्णतेचं म्हणाल तर साधारण २०० अंशाच्या वर सेल्युलोज करपायला लागतं, म्हणून नैसर्गिक धागे पॉलिप्रॉपिलीनसारख्या १६०-१६५ अंशाला वितळणाऱ्या प्लॅस्टिकबरोबर चालतात, त्याहून गरम काम असेल तर नाही. आणि आगीत तागही जळतो, रेझिनही जळतं, काच तेवढी उरते, त्यामुळे वायरिंगच्या पेटीला वगैरे ताग घालायचा विचार करू नका.

पर्यावरणाचं पण बोलायला हवं कारण लोक हायब्रिड म्हटलं की ग्रीन असं लगेच लिहितात. काच बनवायला भट्टी दीड हजार अंशाच्या आसपास तापवावी लागते, ताग शेतात वाढतो, त्यामुळे काच कमी केली तर फायदा आहेच, आणि आमच्या पोरांच्या हाताला काचेची खाज कमी सुटते हाही माझ्या लेखी मोठा फायदा, ज्याने संध्याकाळी कोपरापर्यंत थंड पाणी ओतून घेतलंय त्यालाच ते कळेल. पण एकदा पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी रेझिनमध्ये कोंडला की ताग मातीत परत जात नाही, आणि काच, ताग, रेझिन वेगळं करणं तर अजूनच अवघड. म्हणून ती वस्तू जास्त वर्षं टिकली तरच तागाने वाचवलेलं काही हाती लागतं, दोन पावसाळ्यांत कुजलेली कुंडी ग्रीन नसते, तो दुप्पट कचरा असतो.

भाच्याच्या ग्रुपने आता पट्ट्या केल्यात, चार प्रकारच्या, नुसती काच, नुसता ताग, काच बाहेर, काच आत. निम्म्या पट्ट्यांच्या कडा रेझिनने बंद केल्या, निम्म्यांच्या कापलेल्याच ठेवल्या, हे त्याचं स्वतःचं डोकं, मला त्याचं कौतुक वाटलं. सगळ्या पट्ट्या आमच्या गॅलरीत बादलीत बुडवून ठेवल्यात, प्रत्येकीला बॉलपेनने नंबर घालून वर रेझिनचा थेंब, म्हणजे पाण्यात पुसला जाणार नाही. रोज संध्याकाळी तो फडक्याने पुसून सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या वजनकाट्यावर एकेक पट्टी ठेवतो आणि वहीत लिहितो. काल म्हणाला, "मामा, उघड्या कडांच्या तागाच्या पट्ट्या टोकाला बोटाने जाड लागायला लागल्यात." मी हात लावून बघितला, खरंच लागतात. ऑगस्टच्या शेवटी त्यातल्या निम्म्या ओल्याच तोडायच्यात आणि निम्म्या वाळवून, म्हणजे गेलेल्यापैकी किती ताकद परत येते आणि किती कायमची गेली ते वेगवेगळं दिसेल.